डोहाच्या मालकिणी

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारात 'मुंजाजी' अशी हाक मारली, तर एक-दोन माणसं तरी वळून बघतील. म्हसाजी नावाचे म्हातारे भेटतात, आसराबाई नावाच्या आज्या भेटतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मुंजा म्हणजे पिंपळावरचं भूत, सोडमुंज व्हायच्या आत मेलेल्या पोराचं. 2024 मध्ये 'मुंज्या' नावाच्या हिंदी चित्रपटाने तो देशभर नेला, तोही कोकणातला. आमच्याकडे त्याच मुंजाला नवस बोलतात आणि पोरगा झाला की त्याचंच नाव ठेवतात. लेकरांना भिववण्यापुरत्याच या गोष्टी असत्या, तर कुणी आपल्या लेकराला ते नाव दिलं नसतं.

आमचं गाव गंगेकाठचं. (गोदावरी ती भूगोलाच्या पुस्तकात, काठावर सगळे गंगाच म्हणतात.) गावाचा नकाशा मला शाळेत जायच्या आधी पाठ झाला होता. पिंपळ मुंजाचा, बांधावरचा शेंदूर फासलेला धोंडा म्हसोबाचा, नदीच्या वळणावरचा डोह साती आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचा. आणि गाव संपलं की जे काळं रान लागे, ते चकव्याचं.

चकव्याला रूप नव्हतं, म्हणून त्याचीच भीती जास्त. आमचा मुलूख सपाट. डोंगर नाही, घाट नाही, ज्वारी पोटऱ्यात आली की माणूस तिच्यात बुडतो. रात्री शेतातल्या आखाड्यावरून निघालेला गडी चालचालून पुन्हा त्याच बाभळीपाशी येई. आजी सांगायची, "चकवा लागला की चालायचं नाही बाबा. आहे तिथंच बसायचं, तांबडं फुटंस्तोर." पुढे जर्मनीतल्या यान सौमन यांच्या गटाचा 2009 मधला प्रयोग वाचला. त्यांनी माणसांना सपाट जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले; आभाळ झाकोळलं की गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागले आणि तरी आपण सरळच चाललोय असं त्यांना वाटत होतं. म्हणजे तांबडं फुटेपर्यंत बसून राहा, हा सल्ला अचूक होता. एवढ्यावर 'पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं' असं भाषण ठोकणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. सल्ला खरा होता, कारण खोटं होतं, आणि दोन्ही एकाच तोंडातून यायचं.

आसरांचं प्रकरण याहून अवघड आहे. पाण्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड, हळदकुंकू, खण, हिरव्या बांगड्या. विहीर खोदायला घेतली तरी आधी त्यांची पूजा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1962 च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या पुस्तकात अशा मावलाया-आसरांच्या ठाण्यांचा माग पायी हिंडून घेतला. अॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांवरच्या 1995 च्या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिलं. मला मात्र आठवते ती दुपारची ताकीद: डोहात उतरू नको, आसरा ओढून नेतात.

ही म्हणजे जुन्या काळची धोक्याची पाटी, असं आता म्हणतात. थोडं खरंही आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या विहिरीचा काठ कधी ढासळेल सांगता येत नाही, आणि डोहाची खोली वरून कळत नाही. पण नुसती पाटीच असती, तर ती सगळ्यांना सारखी लागू झाली असती. पोरांना ती उन्हाळ्याच्या दुपारपुरती होती; आमच्या बहिणींना दर महिन्याला. विटाळाच्या दिवसांत त्यांनी विहिरीकडे फिरकायचं नाही. गरोदर बाईने, ओल्या बाळंतिणीने पाणवठा ओलांडायचा नाही. बाळंतिणीला ताप भरला की 'आसरा लागल्या' म्हणायचे, आणि आधी नदीवर खणानारळाची परडी जायची, मग दवाखान्यासाठी गाडी जुंपायची. मधल्या वेळात काय होत असेल, ते कुणी मोजलं नाही. जादूटोणाविरोधी कायदा आला 2013 मध्ये, तोही नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.

म्हणून 'या श्रद्धांनी निसर्ग राखला' हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. त्या डोहाला मालकिणी होत्या, हे खरं. पाण्यात उतरण्याआधी कुणाला तरी विचारावं लागतं, ही जाणीव मला शाळेने नाही, त्या सात दगडांनी दिली. पण ती जाणीव राबायची ती लेकरांवर, बायांवर, गड्यांवर. पैठणला 1976 मध्ये जायकवाडी उभं राहिलं, पुढे आमच्या जिल्ह्यातही ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे झाले. नदीचं वागणं बदललं. मग वाळूचा भाव चढला. रात्रीतून पात्र उपसणाऱ्या हायवा ट्रकच्या काचेवर देवाचं नाव असतंच, आणि वाळू भरणारा मजूर पात्रात उतरताना हातही जोडतो. ज्याची वाळू विकली जाते, तो काठावरसुद्धा येत नाही. त्याला आसरा लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमचा डोह आता गाळाने भरून आलाय. त्याच्या खालच्या अंगाला वाळू काढून झालेले खड्डे आहेत, पाणी आलं की कुठून खोल सुरू होतं ते दिसत नाही. तिथे कुणी शेंदूर लावला नाही, पाटीही लावली नाही. उन्हाळ्यात आलेल्या भाच्याला घेऊन मी तिकडे गेलो होतो. उपशाचा कडा कसा उभा तुटलेला असतो, पायाखालची वाळू कशी सुटते, पोहता येणारासुद्धा का बुडतो, हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने थोडा वेळ ऐकलं आणि मग चपला काढून विचारलं, "मामा, कडेकडेने गेलो तर?"