कागदाच्या मापात स्वभाव किती, संकेत किती?

माणसाने ठरवलेल्या मापांना वस्तूंच्या स्वभावात काही आधार असतो की ती केवळ परस्परसंमतीने टिकतात, हा प्रश्न भारतीय दर्शनांत शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाच्या निमित्ताने फार पूर्वीच उपस्थित झाला. मीमांसकांनी हा संबंध ‘औत्पत्तिक’, म्हणजे कोणीही न घडवलेला व नित्य मानला. नैयायिकांनी तो ‘सामयिक’, म्हणजे अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा अशा संकेतावर उभा असल्याचे प्रतिपादन केले. कागदाच्या प्रमाणित आकारांत हाच वाद पुन्हा समोर येतो, आणि येथे तो मोजपट्टीने तपासता येतो.

जगाच्या बहुतेक भागांत चालणारा ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो, तर अमेरिका व कॅनडा येथील ‘लेटर’ कागद साडेआठ × अकरा इंचांचा, म्हणजे सुमारे २१६ × २७९ मिलिमीटरचा असतो. ए-फोर लांबीच्या मध्यावर दुमडून कापला, तर हाती येणाऱ्या ए-फाइव्हच्या बाजूंचे गुणोत्तर मूळ कागदाचेच राहते; लेटर तसाच कापला, तर १.२९ चे गुणोत्तर १.५५ होते आणि अर्धा तुकडा मूळच्या मानाने शेलाटा दिसतो. दुसऱ्यांदा कापल्यावर लेटरचेही रूप परत येते, कारण ते कोणत्याही आयताचे येतेच. परंतु प्रत्येक वेळी रूप टिकायचे असेल, तर लांबी व रुंदी यांचे गुणोत्तर दोनच्या वर्गमुळाइतकेच असावे लागते, तेथे दुसऱ्या कोणत्याही संख्येला जागा नाही.

गटिंगनचे भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टनबर्ग यांनी २५ ऑक्टोबर १७८६ रोजी योहान बेकमन यांना लिहिलेले पत्र या संदर्भात विशेष मोलाचे आहे. आपल्या एका इंग्रज विद्यार्थ्याला त्यांनी हेच कोडे सोडवण्यास दिले होते, आणि उत्तर मिळाल्यावर त्या प्रमाणात कागद कापण्याच्या विचाराने नेहमीचा लिहिण्याचा ताव हाती घेतला, तेव्हा तो आधीपासूनच त्या प्रमाणाचा असल्याचे त्यांना आढळले. कागद करणाऱ्यांपाशी काही नियम होता की हे रूप नुसत्या परंपरेने पसरले, असे त्यांनी पत्रातच विचारले, आणि मीमांसक व नैयायिक यांच्यातील वादाचे याहून नेमके रूप सापडणे कठीण आहे. पुढे वॉल्टर पोर्स्टमन यांच्या प्रयत्नांतून हे प्रमाण १९२२ मध्ये जर्मनीचे मानक झाले आणि १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले.

मात्र गुणोत्तर अपरिहार्य असले, तरी आकारमान तसे नाही. ए-मालिकेतील सर्वांत मोठा ताव एक चौरस मीटरचा धरला जातो, आणि मीटर हे स्वतःच एक ठरवलेले एकक आहे. जपानची बी-मालिका तेच गुणोत्तर पाळते, तरी तेथील बी-फाइव्ह १८२ × २५७ मिलिमीटरचा आणि आंतरराष्ट्रीय बी-फाइव्ह १७६ × २५० मिलिमीटरचा असतो. संकेताचे बळ किती असते हे पाहायचे तर महाराष्ट्रातील शाळा-कचेऱ्यांत रुळलेला ‘फुलस्केप’ हा शब्द पुरेसा आहे: विदूषकाच्या टोपीच्या ज्या जलचिन्हावरून तो आला, ते चिन्ह केव्हाच लोपले, नाव मात्र राहिले.

तरीही स्वभाव आणि संकेत या दोनच कोटींत हा विषय संपत नाही. अग्निचयनात, म्हणजे विटांची वेदी रचण्याच्या श्रौत विधीत, पहिली वेदी साडेसात चौरस पुरुषांची (पुरुष म्हणजे हात उंचावून उभ्या असलेल्या यजमानाची उंची) आणि पुढील प्रत्येक वेळी एका चौरस पुरुषाने मोठी रचावयाची, पण तिचे रूप बदलू द्यावयाचे नाही, असे शुल्बसूत्रांचे विधान आहे. मोठेपण बदलावे आणि रूप टिकावे ही मागणी वेदीच्या बाबतीत श्रद्धेतून आली, कागदाच्या बाबतीत काटकसरीतून. गणिताने ती मागणी निर्माण केली नाही, फक्त तिचे उत्तर दिले. म्हणून न्यायदर्शनाने सोळा पदार्थांत गणलेले ‘प्रयोजन’ येथे स्वभाव व संकेत या दोहोंच्या आधी येते. लेटर वापरणाऱ्यांचे अर्ध्या तुकड्याच्या रूपावाचून काही अडत नसेल, तर त्यांना चुकलेले म्हणता येणार नाही. परंतु ज्या मापाचे कारण अनोळखी माणसालाही सांगता येते, किंवा त्या विद्यार्थ्याप्रमाणे त्याला स्वतः शोधून काढता येते, ते माप केवळ सवयीने पाळल्या जाणाऱ्या मापाहून श्रेष्ठ मानावे लागते.

दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकाराने ते कधीच नेमके मांडता येत नाही. त्यामुळे वेदी रचणाऱ्याला आणि कागद कापणाऱ्याला कोठेतरी थांबावेच लागते. शुल्बसूत्रकार बौधायनांनी दिलेली किंमत ५७७ भागिले ४०८ इतकी येते आणि तिला ‘सविशेष’ असे नाव आहे. ए-फोरच्या बाजूंचा भागाकार ९९ भागिले ७० असून तो बौधायनांच्या किमतीहून स्थूल आहे. ए-फोरची २९७ मिलिमीटर लांबी निम्मी केली की १४८.५ येते, पण मानकात ए-फाइव्हची रुंदी १४८ लिहिली जाते, आणि एक चौरस मीटरचा म्हणून ठरलेला ८४१ × ११८९ मिलिमीटरचा ताव प्रत्यक्षात ५१ चौरस मिलिमीटरने कमी भरतो.