'हे कंट्री नव्हेच' : वर्गीकरण, मूल्यनिर्णय आणि रसिकाची जबाबदारी

रॉक आणि कंट्री ह्या अमेरिकन संगीतप्रकारांचे चाहते आपल्या आवडत्या गायकांविषयी बोलू लागले की त्यांच्या संभाषणात तीन प्रकारची विधाने आढळतात. 'मला जॉनी कॅश आवडतो' हे पहिल्या प्रकारचे, 'जॉनी कॅश श्रेष्ठ गायक आहे' हे दुसऱ्या, तर 'हल्ली जे गातात ते कंट्री नव्हेच' हे तिसऱ्या प्रकारचे विधान होय. पहिल्या दोहोंतील भेद कांटने १७९० मध्येच स्पष्ट केला आहे. एखादी गोष्ट सुखद वाटणे ही ज्याची त्याची बाब असते. सौंदर्यविधान करणारा मात्र इतरांच्या संमतीची अपेक्षा बाळगतो, आणि तरीही कोणत्याही नियमाच्या बळावर ती संमती मिळवू शकत नाही. तिसरे विधान ह्या दोहोंहून फसवे आहे. त्याचे रूप वर्गीकरणाचे असते, पण ते कार्य करते मूल्यनिर्णयाचे. ह्या फसवेपणाला एक नैतिक बाजू आहे आणि तिचाच विचार येथे प्रस्तुत आहे.

दुसऱ्या प्रकारच्या विधानामागे कारणे द्यावी लागतात. जॉर्ज जोन्सच्या 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' (१९८०) ह्या गीतात एका टप्प्यावर गायन थांबते आणि संथ कथन सुरू होते. एकाला ती भावविवशता वाटते. दुसरा म्हणतो की त्या कथनातील आवाज किती आवरलेला आहे तेही ऐकावे. ह्या कारणाने काहीच सिद्ध होत नाही. मात्र ऐकणाऱ्याचे लक्ष गीतातील एका विशिष्ट जागेकडे वळते, आणि तेथे त्याला ते जाणवते किंवा जाणवत नाही. समीक्षकाने दिलेले कारण म्हणजे दुसऱ्याच्या संवेदनेला दिलेली दिशा, अशी मांडणी आर्नल्ड आयझेनबर्ग यांनी १९४९ मध्ये केली होती. ती मान्य केली तर चाहत्यांच्या गप्पा आणि समीक्षा ह्यांत जातीचा फरक उरत नाही, प्रमाणाचा उरतो.

'हे कंट्री नव्हेच' असे म्हणणारा नेमके हेच टाळतो. गीतातील एकही जागा न दाखवता तो ते गीत चर्चेच्या कक्षेबाहेर ठेवतो. मार्च २०१९ मध्ये 'बिलबोर्ड' ह्या नियतकालिकाने लिल नास एक्स ह्या कृष्णवर्णी गायकाचे 'ओल्ड टाउन रोड' आपल्या कंट्री गीतांच्या क्रमवारीतून वगळले. आजच्या कंट्री संगीताचे घटक त्यात पुरेसे नाहीत, असे कारण देण्यात आले. हे घटक कोणते आणि ते ठरवले कोणी, हा प्रश्न मग अपरिहार्य ठरतो. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतील संगीत 'हिलबिली' आणि 'रेस' अशा दोन सूचींत विभागले. पहिली सूची गोऱ्या ग्राहकांसाठी होती, दुसरी काळ्या. प्रत्यक्ष संगीत असे विभागलेले नव्हते. बँजो ह्या वाद्याचे मूळ आफ्रिकी आहे. कंट्रीचा जनक मानल्या गेलेल्या जिमी रॉजर्सच्या १९३० मधील एका ध्वनिमुद्रणात लुई आर्मस्ट्राँग ट्रम्पेट वाजवतो. विक्रेत्यांनी आखलेली सीमा पुढे संगीताचा स्वभावच मानली गेली. रसिक जेव्हा ती निरपवादपणे उच्चारतो, तेव्हा तिच्यातील वर्णभेदही तो नकळत उच्चारीत असतो.

ह्यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. परंपरेला सीमा नसतील तर ती परंपराच राहणार नाही. शिवाय ह्या गीतांत एका समूहाचे जगणे साठलेले असते, त्यामुळे ती राखण्याचा त्याला अधिकार आहे. आक्षेपात तथ्य आहे. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टर येथे बॉब डिलन विद्युत गिटार घेऊन गात असताना श्रोत्यांतून कोणीतरी 'जूडास' असे ओरडले. विश्वासघात होण्यासाठी आधी वचन असावे लागते, आणि डिलनने असे वचन कोणाला दिलेले नव्हते. तथापि १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात गायलेल्या ह्या कवीकडून लोकगीतांच्या श्रोत्यांनी काही अपेक्षा ठेवली असेल, तर ती हास्यास्पद म्हणता येत नाही. गीत एखाद्या सामाजिक निष्ठेपासून दूर जात आहे, हे सांगण्याजोगे कारण होते. 'जूडास' ह्या शब्दाने ते सांगितले गेले नाही. कारणाच्या जागी शिक्का आला आणि संवाद तेथेच संपला.

परंपरेची राखण वेगळ्या रीतीनेही होऊ शकते. ब्लूग्रास संगीताचा प्रवर्तक बिल मन्रो ह्याने 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे गीत १९४६ मध्ये वॉल्ट्झच्या तीन मात्रांच्या लयीत ध्वनिमुद्रित केले होते. १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर ते द्रुत लयीत गायले. मन्रोने त्याच वर्षी आपले गीत पुन्हा मुद्रित केले : आरंभ जुन्या लयीत आणि पुढे द्रुत चार मात्रांत. 'हे माझे गीत नव्हेच' असे म्हणण्याचा अधिकार ज्याला सर्वाधिक होता, त्याने नवे रूप ऐकले आणि जुन्याला न सोडता त्याला उत्तर दिले.

मराठी नवकवितेलाही 'ही कविताच नव्हे' हा निर्णय ऐकावा लागला होता. तेव्हा मर्ढेकरांच्या ओळींविषयी ज्यांनी कारणे दिली, त्यांचा विरोधही आज वाचनीय ठरतो. ज्यांनी केवळ नाव नाकारले, त्यांच्या म्हणण्यातून त्या कवितेविषयी काहीच हाती लागत नाही. सौंदर्यविधान दुसऱ्याकडे संमती मागते. ज्याच्याकडे संमती मागावयाची, त्याला स्वतः ऐकून नकार देण्याची संधी देणे हे त्या मागणीतच अंतर्भूत असलेले कर्तव्य आहे. संज्ञेचा आडोसा घेणारा रसिक हे कर्तव्य टाळतो, मग त्याची अभिरुची कितीही सुसंस्कृत असो.