दिलेल्या गायीचे ऋण

दान घेणारा देणाऱ्याचा मिंधा होतो, हा दानविचारातला जुना पेच आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक मानले आहे. त्याने देणाऱ्याचे मन शुद्ध राहते, घेणाऱ्याचे ओझे मात्र तसेच राहते. फेडायची वाटच नसेल तर ते उलट वाढते.

रवांडात हा पेच गायीभोवतीच उभा राहिला. तिथल्या जुन्या ‘उबुहाके’ पद्धतीत धनी आपली गाय कुळाला सांभाळायला देई. दूध कुळाच्या घरी जाई, गाय धन्याचीच राही आणि कूळ त्याच्या चाकरीत अडके. राजा तिसरा मुतारा रुदाहिग्वा यांनी १९५४ मध्ये ही पद्धत मोडीत काढली. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘गिरिंका’ योजनेत गरीब कुटुंबाला गाय मिळते ती एका अटीवर: तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. डॅन वेस्ट या अमेरिकी शेतकऱ्याने चर्च ऑफ द ब्रेदरनच्या आधाराने उभारलेल्या, १९४४ पासून गायी पाठवणाऱ्या कार्यातही हाच नियम होता. इथे ऋण नाहीसे होत नाही, फक्त त्याची दिशा बदलते. ते वर धन्याकडे न जाता शेजारच्या घरी जाते आणि कालचा घेणारा आज देणारा होतो.

रवांडात कॉफी पिकवणाऱ्या कुटुंबाला ही गाय विशेष उपयोगी पडते. तिथली कॉफीची तोडणी मुख्यतः मार्च ते जूनमध्ये उरकते, म्हणजे हातात पैसा वर्षातून एकदाच येतो. दुधाचा येतो रोज. डोंगरउतारावरच्या झिजलेल्या जमिनीला शेणखत लागते आणि बांधावर लावलेले हत्तीगवत मातीही धरून ठेवते. पण गवत, केळीची पाने हेच कॉफीच्या बुंध्याशी आच्छादन म्हणूनही लागते. गायीला घालावे की झाडाला, हा हिशेब घरात रोज होतो. गाय गोठ्यातच बांधलेली असल्याने चारा-पाणी डोक्यावरून आणावे लागते. दान म्हणून आलेली गाय काम घेऊन येते, हे दानाच्या गौरवात सहसा सांगितले जात नाही.

न्यायाचा प्रश्नही उरतोच. गोठा आणि चाऱ्यापुरती जमीन ज्याच्याकडे आहे त्यालाच गाय झेपते, त्यामुळे भूमिहीन सहज मागे पडतो. गिरिंकापेक्षा भारतीय गोदानाचे चित्र वेगळे आहे. तिथे पुण्य देणाऱ्याच्या खात्यावर जमा होते आणि दान तिथेच पूर्ण होते. भारताने जुलै २०१८ मध्ये रवांडातल्या रवेरू गावात दिलेल्या २०० गायी मात्र गिरिंकातूनच दिल्या गेल्या. म्हणजे त्यांच्याही कालवडी पुढे द्यायच्याच होत्या. गोऱ्हा झाला तर तो घरी राहतो, विकताही येतो. ऋण कालवड होईपर्यंत थांबते. ती शेजाऱ्याकडे गेली की पुढच्या वासरांवर दुसऱ्या कुणाचाही हक्क उरत नाही.