कर्णनादाचे मोजमाप

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, घोंघाट वा गुणगुण ऐकू येण्याला कर्णनाद म्हणतात. बहुतेकदा तो रुग्णाखेरीज कोणालाच ऐकू येत नसल्यामुळे त्यावरील औषध लागू पडले की नाही, हे ठरवताना संशोधकाच्या हाती अखेर रुग्णाचा शब्दच उरतो. ही अडचण टाळण्यासाठी श्रवणमापनाचा आधार घेतला जातो. त्यातील ऑडिओग्राम हा नकाशा निरनिराळ्या कंप्रतेचे किती क्षीण स्वर ऐकू येतात हे दाखवतो, म्हणजे तो श्रवणशक्ती मोजतो, कर्णनाद नव्हे. कर्णनादाला अधिक जवळची कसोटी म्हणजे किमान आच्छादन पातळी, अर्थात कानातला आवाज झाकून टाकण्यास लागणारा कमीत कमी बाहेरचा गोंगाट. मात्र आवाज झाकला गेला की नाही, हेही रुग्णानेच सांगायचे असते, आणि आकडा डेसिबलमध्ये मांडला गेला की नेमके हेच विसरले जाते.

एस्केटामाइन हे औषध मधल्या कानात टोचून अलीकडेच सुरू झालेला कर्णनाद शमवण्याचा जो प्रयोग ऑरिस मेडिकल या स्विस कंपनीने केला, त्यात हा पेच उघडा पडला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत किमान आच्छादन पातळीवर औषधाचा लाभ सिद्ध झाला नाही. परंतु आवाजाची तीव्रता, त्याचा जाच आणि झोप यांविषयी रुग्णांनी दिलेली उत्तरे औषधाच्या बाजूने गेली. पुढील मोठ्या चाचण्यांत साहजिकच रुग्णांच्या उत्तरांना प्राधान्य मिळाले, आणि २०१६ व २०१८ मध्ये हाती आलेल्या निकालांत त्याही कसोटीवर औषध अपयशी ठरले. यावरून यंत्र खरे आणि रुग्ण खोटा, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. अनेक मापांपैकी अनुकूल ठरलेल्या मापावर भिस्त ठेवली की योगायोगही गुण म्हणून खपून जातो, एवढेच त्यातून दिसते.

याउलट, २००१ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या गिंको या वनस्पतीच्या अर्काच्या चाचणीत अकराशेहून अधिक लोक होते, माहिती टपालाने आणि दूरध्वनीवरून गोळा झाली होती, आणि तरीही निकाल निःसंदिग्ध लागला: अर्क निष्क्रिय गोळीपेक्षा सरस नव्हता. निर्णयाला बळ आले ते तुलनेमुळे, उपकरणामुळे नव्हे. कानात टोचलेल्या औषधाने ऐकण्याची शक्तीच घटली तर नाही ना, हे तपासण्यासाठी ऑडिओग्राम अपरिहार्य आहे; पण कर्णनाद कमी झाल्याचा पुरावा म्हणून तो पुढे करणे अशास्त्रीय आहे.