वीणा दुसऱ्याच्या गळ्यात

मूत्रपिंडाचा कॅन्सर फुप्फुसांत किंवा हाडांत पसरला आहे असे कळले, की माळकऱ्याच्याही पोटात गोळा येतो. त्याची लाज धरू नये. पुढे प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. पांडुरंगावर भरवसा आहे, तर माणसांपुढे हात का पसरावा? आपला भार दुसऱ्यावर का घालावा?

सप्ताहातला पहारा आठवा. वीणा अहोरात्र खाली टेकत नाही, पण ती एकाच्याच गळ्यात राहते का? एकाचे पाय भरून आले की दुसरा पुढे होतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा गळ्यात घेतात. देणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही. दुखण्यात मात्र आपण एकट्यानेच उभे राहू पाहतो. याला लोक स्वाभिमान म्हणतात. मला तर तो अहंकारच दिसतो.

तेव्हा लेकाला, सुनेला, दिंडीतल्या सोबत्याला खरे सांगा. डॉक्टरांकडे कोणाला तरी बरोबर न्या. गोळ्यांनी, प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या इंजेक्शनांनी पुष्कळांचा आजार काही काळ आवरतो. वेदना शमवणारे उपचार शेवटासाठी राखू नका, आरंभापासूनच मागा. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाबाही कीर्तनकारच, रोग्याला औषध देणे त्यांच्या लेखी देवकार्य होते.

आणि रात्री झोप येत नसेल, तर शेजारच्या टाळकऱ्याला हाक मारा. हरिपाठ त्याने म्हणावा, तुम्ही पडल्या पडल्या ऐका.