खेळ आणि आमिष

गेल्या महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. तो पुण्यांतील एका मोठ्या कंपनींत नोकरीस आहे. बोलतां बोलतां त्यानें खिशांतून मोबाइल काढला, पांचदहा मिनिटें त्यावर बोटें फिरविलीं, आणि पडद्यावर एक सोनेरी पदक चमकून गेलें. आम्हीं चौकशी केली तेव्हां तो म्हणाला, "कचेरीचें सक्तीचें प्रशिक्षण आहे, सर. कामाच्या ठिकाणीं होणारा स्त्रियांचा लैंगिक छळ, हा विषय. आमच्या विभागांत माझा आतां दुसरा क्रमांक लागला."

"आणि उत्तर चुकलें तर?"

"पुन्हा देतां येतें. चौथ्या खेपेस बरोबर येतेंच!"

मग आम्हीं सहज विचारलें, "उद्यां शेजारच्या टेबलावरील मुलगी रडत तुझ्याकडे आली, तर तूं काय करशील?" त्याचें हंसूं मावळलें. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं.

हा मुलगा आळशी नव्हे, अप्रामाणिकही नव्हे. त्याला जें करावयास सांगितलें होतें तें त्यानें चोख केलें होतें. मग चुकलें तें कोठें?

या विषयावरील २०१३ सालच्या कायद्यानें, नोकरांसाठीं ठराविक काळानें कार्यशाळा व जागृतीचे कार्यक्रम घेण्याचें कर्तव्य मालकावर घातलें आहे. पुष्कळ कंपन्या हें काम आतां संगणकावर, ऑनलाइन धड्यांच्या द्वारें उरकतात. रुक्ष धडे वाचतांना माणसें पेंगतात, म्हणून त्यांत गुण, पदकें आणि कोण कोणाच्या पुढें आहे हें दाखविणारा तक्ता यांची योजना करितात. या युक्तीस 'गेमिफिकेशन' असें भारदस्त नांव आहे.

खेळाचें आणि शिक्षणाचें वैर आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. राजाच्या तीन मंदबुद्धि पुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकविण्याचा विडा उचलणाऱ्या विष्णुशर्म्यानें पशुपक्ष्यांच्या गोष्टीच हातीं घेतल्या. अलीकडील उदाहरण विमानविद्येंतील आहे. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन गांवीं ऑर्गन तयार करणाऱ्या एका कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक यानें ऑर्गनांतील भाते व झडपा वापरून, जमिनीवरच डोलणारें आणि वळणारें एक लुटुपुटीचें विमान १९२९ सालीं बनविलें. आरंभीं त्याला गिऱ्हाइकें मिळालीं तीं मुख्यतः करमणुकीच्या बागांचीं. पुढें १९३४ सालीं टपालाची ने-आण करतांना लष्करी वैमानिक मृत्युमुखीं पडूं लागले, तेव्हां अमेरिकन सैन्यानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं, आणि दुसऱ्या महायुद्धांत असंख्य वैमानिकांनीं त्यांवर धडे घेतले. त्या यंत्रांत चूक झाली कीं तिचा परिणाम शिकणाऱ्यास तत्काळ कळे, आणि जीव मात्र जात नसे. तेथें खेळ हाच धडा होता.

आमच्या विद्यार्थ्याच्या पदकाची गोष्ट निराळी आहे. तेथें धडा एकीकडे आणि खेळ दुसरीकडे. पदक काढून घेतलें तर धडा होता तसाच रुक्ष राहतो. आणि धडा बदलून त्या जागीं दुसरा कोणताही ठेवला, तरी पदक तसेंच चमकतें. पहिल्या प्रकारास आम्ही खेळ म्हणूं. दुसरा प्रकार आमिषाचा होय.

आमिषानें काय होतें तें मानसशास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनीं १९७३ सालीं स्टॅनफर्ड येथील बालवाडींतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रें काढण्याची मूळचीच आवड असलेल्या कांहीं मुलांना त्यांनीं आधीं सांगून ठेवलें कीं, चित्रें काढाल तर सोनेरी शिक्क्याचें प्रशस्तिपत्र मिळेल. प्रशस्तिपत्रें वांटून झालीं. पुढें कांहीं दिवसांनीं मोकळ्या वेळांत पाहतां, तीं मुलें इतरांच्या मानानें सुमारें निम्माच वेळ चित्रांत रमलेलीं आढळलीं. मात्र ज्यांना असेंच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणें मिळालें होतें, त्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे दोष बक्षिसाचा नव्हता. बक्षिसासाठीं काम करण्याचा होता.

यावर कोणी म्हणेल, "त्या मुलांना आवड तरी होती, कचेरींतल्या माणसाला कायदा वाचण्याची आवड कोठून असणार? पदकानें निदान तो वाचावयास बसतो!" या म्हणण्यांत तथ्य आहे. कोणत्या आगीवर कोणतें अग्निशामक नळकांडें वापरावें हें पाठ करावयाचें असेल, तर चार गुणांच्या चढाओढीनें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्या शिक्षणाचें फळ दुसऱ्या माणसाशीं होणाऱ्या वागणुकींत दिसावयाचें, तेथें हेतु बदलला कीं शिक्षणच बदलतें. शेजारच्या मुलीची अब्रू हा विषय असतांना आमच्या विद्यार्थ्याचें लक्ष होतें तें पहिल्या क्रमांकाच्या सहकाऱ्याकडे. कंपनीचेंही तसेंच. 'सर्वांनीं प्रशिक्षण पूर्ण केलें' असा अहवाल हातीं आला कीं तिलाही तिचें पदक मिळतें. प्रौढ माणसास हें कां शिकावयाचें तें न सांगतां त्याच्यापुढें चमकती वस्तु धरणें, हा त्याच्या विवेकाचा अपमान आहे. 'खेळ' या शब्दाच्या दृष्टीनेंही तो खेळ नव्हेच. योहान हुइझिंगा यानें १९३८ सालीं 'होमो लुडेन्स' या ग्रंथांत खेळाचें पहिलें लक्षण सांगितलें तें स्वेच्छा हें होय.

त्या संध्याकाळीं आम्हीं दोघांनीं मिळून तो कायदा वाचला. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आंत करावयाची असते, ती अंतर्गत समितीकडे द्यावयाची असते, आणि तिला लिहितां येत नसेल तर लिहून घेण्यास साहाय्य करणें समितीवर बंधनकारक आहे, हें आम्हांला तरी कोठें ठाऊक होतें! जातांना तो म्हणाला, "सर, आमच्या समितींत कोण कोण आहे, तें उद्यां विचारतों."

तो गेल्यावर आमच्या मनांत एक नकोसा विचार आला. 'हा भाग परीक्षेस हमखास येतो' असें म्हणून आम्हीं गेलीं तीस वर्षें मुलांच्या माना पुस्तकांतून वर करावयास लावल्या आहेत. पदकाकडे पाहून शिकावें, हा पहिला धडा त्यानें आमच्याच वर्गांत गिरविला नसेल, असें आम्ही कोणत्या तोंडानें म्हणावें?