ओळखीची खात्री

‘ह्यांना कोठें तरी पाहिलें आहे’ असें वाटतें, तें खरें कशावरून? २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत कांहीं मंडळींस २०० चेहरे दाखविले. तासाभरानें ते २०० अनोळखी चेहऱ्यांत मिसळून पुन्हा दाखवितांना मेंदूंतील रक्तप्रवाहाचीं चित्रें घेतलीं. चेहरा ओळखीचा वाटला कीं नाहीं, हें गणकयंत्रानें त्यांवरून बहुधा अचूक सांगितलें. तो खरोखर पाहिलेला होता कीं नाहीं, हें मात्र त्यास फारसें सांगतां आलें नाहीं! त्याच वर्षीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें संमतीवांचून आरोपीची मेंदुपरीक्षा करण्यास मनाई केली, तें योग्यच झालें. मला चिंता वाटते ती संमति देणाऱ्या प्रामाणिक साक्षीदाराची. निरपराध्याकडे बोट दाखवितांना त्याची स्वतःची खात्री असते; यंत्रहि त्याच खात्रीची साक्ष देईल.